दसरा ते रथसप्तमी : १०८ सूर्यनमस्कारांचा संकल्प तडीस कसा न्यायचा? (आराखडा, खाडे, मनगटं वगैरे)

ओसरी (धागाकर्ता)

यंदा दसरा २० ऑक्टोबरला आणि रथसप्तमी १३ फेब्रुवारी २०२७ ला, शनिवारी. मधे ११६ दिवस. डझनभर नमस्कारांवरून १०८ वर जायला एवढा काळ पुरतो. तरी दरवर्षी बहुतेकांचा संकल्प दिवाळीच्या फराळाबरोबर संपतो. (संकल्प 'सोडणे' हा शब्दप्रयोग आपल्याकडे दोन्ही अर्थांनी खरा ठरतो.)

दोष आळसाला दिला जातो, पण बऱ्याचदा गोची आकड्यात असते. १०८ हा रथसप्तमीच्या एका सकाळचा आकडा आहे. उद्या सकाळी किती घालायचे, परवा पाहुणे आले तर किती, ताप आला तर किती, यातलं काहीच तो सांगत नाही. म्हणून कागदावर तीन वेगळे आकडे लिहा.

पहिला, उद्दिष्ट : १०८, ठरल्या तारखेला, ४५ ते ५५ मिनिटांत, शेवटच्या आवर्तनातही श्वास नाकाने. वेळ आणि श्वास लिहिले नाहीत तर माणूस शेवटचे चाळीस कसेबसे आपटून 'झाले' म्हणतो.

दुसरा, आठवड्याची बेरीज. रोज बघायचा आकडा हा.

तिसरा, किमान : २. एक उजवा पाय मागे नेऊन, एक डावा. वाईटातल्या वाईट दिवशी एवढेच. मिनिटभराचं काम.

आता आराखडा. रविवारी मोठा आकडा, आठवड्यातले इतर चार दिवस त्याच्या निम्मा, उरलेले दोन दिवस फक्त किमान. रविवारचे आकडे असे :

आठवडा १ ते ३ : १२, १८, १२ (तिसऱ्या रविवारी ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, म्हणून मुद्दाम कमी)
४ ते ७ : २४, ३०, ३६, २४
८ ते ११ : ४२, ४८, ६०, ३६
१२ ते १५ : ६६, ७२, ८४, ५४
१६ : ३६. तो आठवडा सोमवारी संपला की पुढचे चार दिवस १२, १२, २, २ आणि शनिवारी १०८.

म्हणजे पहिल्या आठवड्याची बेरीज १२ + (४ × ६) + ४ = ४०, आणि चौदाव्याची, जो सगळ्यात जड आहे, २५६. सगळे मिळून शेवटच्या १०८ च्या आधी सुमारे २,०५० नमस्कार होतात.

तिसरा, सातवा, अकरावा आणि पंधरावा हे हलके आठवडे गाळून 'लवकर पोचू' म्हणणारे साधारण नवव्या-दहाव्या आठवड्यात मनगट धरून बसतात. ते गाळू नका. स्नायू दोन-तीन आठवड्यांत सरावतात, कंडरा (स्नायू हाडाला बांधणारे दोर) आणि सांध्यांना त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दम टिकतो म्हणून आकडा वाढवला की मार मनगटाला आणि खांद्याला बसतो.

सूचना, दुरुस्त्या, शंका येऊ द्या.

चिंचोका

वाचनखूण साठवली.

मोजणीबद्दल. १०८ म्हणजे १२ ची नऊ आवर्तनं. दोन वाट्या घ्या, एकीत नऊ चिंचोके. बारा नमस्कार झाले की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. मनात १ ते १०८ मोजायला गेलात तर साठीच्या पुढे घोळ होतोच, आणि घोळ झाला की माणूस स्वतःला पाच-सहा सूट देतो.

बाराच्या आतली मोजणी मंत्रांवर सोडा : मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषन्, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर. नाव घेतलं की क्रमांक आपोआप कळतो. फक्त 'श्रीसवितृसूर्यनारायणाय नमः' हा तेरावा मंत्र म्हणून तेरावा नमस्कार घालायची सवय असेल तर हिशेब बिघडतो : तेराची आठ आवर्तनं १०४ होतात. तेरावा मंत्र नुसता उभ्याने म्हणा.

पाय आलटून-पालटून. विषम क्रमांकाला उजवा मागे, समाला डावा. म्हणजे १०८ मधे ५४-५४. नेहमी एकच पाय आधी मागे नेणाऱ्यांची एका बाजूची जांघ मोकळी होते आणि दुसरी आखडलेलीच राहते.

खाडेबहाद्दर

आराखडा छान, पण कागदावर सगळेच छान असतात. खाडा पडला की काय? ते आधी सांगा. बाकी सगळं तिथेच कोसळतं.

ओसरी

बरोबर. खाड्याचा नियम खाडा पडायच्या आधी ठरवायचा असतो, नंतर माणूस स्वतःचा वकील होतो.

एक दिवस बुडाला : विसरा. दुसऱ्या दिवशी त्या दिवसाचाच आकडा, दुप्पट नाही.
रविवार बुडाला : सोमवारी मोठा आकडा घाला, त्या बदल्यात एक निम्मा दिवस गाळा. बेरीज एका निम्म्या दिवसापुरती कमी होते.
पूर्ण आठवडा गेला : मागच्या आठवड्याचा आकडा पुन्हा.
दोन आठवडे गेले : शेवटच्या पूर्ण केलेल्या रविवारच्या निम्म्यापासून. आणि उद्दिष्ट त्याच दिवशी ७२ वर आणा. जानेवारीअखेर नाक मुठीत धरून आणण्यापेक्षा डिसेंबरात शांतपणे आणलेलं बरं. ७२ म्हणजे सहा आवर्तनं, सूर्याची काही तक्रार नसावी.

भरपाई का नाही? समजा ३६ चा दिवस बुडाला आणि दुसऱ्या दिवशी ७२ घातले. शेवटच्या वीस-पंचवीस नमस्कारांत कोपरं फाकतात, कंबर लोंबते, आणि तीच चुकीची घडण हाताला लागते. तिसऱ्या दिवशी दुखतं म्हणून खाडा. मग पुन्हा भरपाई. एका खाड्याचे चार होतात ते असे.

मधली_सुट्टी

खाड्यावरून एक जोड. "२१ दिवसांत सवय लागते" हे सगळीकडे फिरणारं वाक्य मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या निरीक्षणावरून आलं. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णांना ओळख पटायला निदान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० मधे लिहिलं होतं. पुढे त्यातला 'निदान' गळला आणि चेहऱ्याच्या जागी सवय आली.

प्रत्यक्ष मोजणी लंडनमधे युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली. ९६ लोकांनी रोज एक साधी गोष्ट ठरलेल्या प्रसंगाला जोडून करायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, आणि अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत पसरले होते. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर रुजली, व्यायाम उशिरा. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हा त्यातला कामाचा भाग.

दसऱ्यापासून ६६ दिवस म्हणजे डिसेंबरचा शेवटचा आठवडा. तोवर रोज उठून 'घालू की नको' असा वाद मनात चालणारच. तो चालतोय म्हणजे आपलं काही चुकतंय असं समजू नका.

सांधेजोड

फिजिओथेरपीच्या बाजूने काही मुद्दे. लांबलचक होईल, पण आराखडे मोडतात ते दुखण्यापाशी.

मनगट. सगळ्यात जास्त तक्रार याची. साष्टांगातून भुजंगासनात आणि तिथून पर्वतासनात जाताना वजन तळहाताच्या मनगटाकडच्या टोकावर पडतं, सांधा पूर्ण मागे वळलेला असतो, आणि हे १०८ वेळा. उपाय : बोटं पसरा, मधलं बोट समोर, आणि तर्जनी-अंगठ्याच्या मुळाशी जमीन दाबा. तळहात खांद्यांच्या खाली हवा, पुढे नको. तरी दुखलं तर सतरंजीची कड दोन-तीन घड्या घालून मनगटाच्या टोकाखाली घ्या म्हणजे वळण कमी होतं. किंवा तात्पुरतं मुठींवर. जाड फोमच्या गादीवर तळवा रुततो आणि वळण वाढतं. ४ ते ६ मिलिमीटरची मॅट पुरे.

खांदा. दंडातून साष्टांगात उतरताना कोपरं बाहेर फाकली की खांद्याच्या पुढच्या बाजूला कळ येते. कोपरं बरगड्यांना घासून न्या. ताकद कमी असेल तर आधी गुडघे टेका, मग छाती. हे कमीपणाचं नाही. पहिले चार आठवडे सगळ्यांनीच असं केलं तर निम्मी खांदेदुखी होणार नाही.

कंबर, आणि इथे वेळेचा मुद्दा आहे. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. झोपेतून उठल्या उठल्या गुडघे ताठ ठेवून जमिनीला हात लावणं म्हणजे नेमका त्या फुगलेल्या चकत्यांवर दाब. उठल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या, तेवढ्यात घरात वावर होतो, शौच-मुखमार्जन होतं. पहिल्या आवर्तनात हस्तपादासनात गुडघे खुशाल वाकवा. तळवे टेकले नाहीत तर पाटावर टेका.

भुजंगासनात हाताने ढकलून वर येऊ नका. कोपरं किंचित वाकलेली, मांड्या जमिनीला, नितंब आवळलेले. मान मागे टाकून छत बघायचं नाही, नजर समोरच्या भिंतीवर.

कुणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये : आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू (डोकं खाली जाणाऱ्या स्थितीत डोळ्यातला दाब वाढतो), हर्निया, चकती सरकलेली, चक्कर येण्याचा त्रास, गरोदरपण.

दुसरी_पाळी

सकाळीच करायचे हे गृहीत धरलंय सगळ्यांनी. कंपनीत आठवड्याआड पाळी बदलत असेल तर? पहिली पाळी असली की पाचला बस, तिसरी असली की सकाळी आठला घरी.

ओसरी

घड्याळाला बांधू नका, कृतीला बांधा. 'सकाळी साडेसहाला' हे तुमच्या बाबतीत तीनपैकी दोन आठवडे खोटं ठरणार. 'झोपून उठल्यावर दात घासून झाले की अर्ध्या तासाने, काही खाण्याआधी' हे दुसऱ्या आणि तिसऱ्या पाळीतही खरं राहतं. तिसऱ्या पाळीहून आल्यावर घालू नका. अंग शिणलेलं असतं, आणि व्यायामाने पुढची झोप लांबते. दुपारी उठाल तेव्हा घाला.

पहिल्या पाळीच्या आठवड्यात पाचच्या बसआधी होणार नाहीत, हे मान्य करून टाका. परत आल्यावर, जेवण होऊन तीन-साडेतीन तासांनी. मोठा आकडा साप्ताहिक सुट्टीला, ती रविवारी नसली तरी.

आणि इतरांनाही : "पहाटे पाचला उठून नमस्कार" हे एक ध्येय नाही, दोन आहेत. पहाटे उठणं वेगळं, नमस्कार वेगळे. दोन्ही एकाच दिवशी सुरू केले की उठणं हुकलं त्या दिवशी नमस्कारही गेले. सध्या ज्या वेळी उठता त्याच वेळी सुरू करा. उठायची वेळ ओढायची असेल तर डिसेंबरनंतर, पंधरवड्याला १५ मिनिटांनी.

कढईतली_पळी

कृतीला बांधा म्हणता म्हणून सांगते, दूध तापायला ठेवून नमस्कार घालू नका. 🙂 बारा नमस्कारांना पाच-सहा मिनिटं लागतात आणि दूध बरोब्बर नवव्याला उतू जातं. कुकरची शिट्टी, पाण्याचा नळ, शाळेची बस हे सगळं तसंच. ज्या कामाकडे लक्ष ठेवावं लागतं त्याला जोडू नये. ज्या कामानंतर हात मोकळे होतात त्याला जोडावं.

घरातल्या बाईला सकाळी सलग वीस मिनिटं मिळत नाहीत, हे आराखडे करणाऱ्यांना कधी कळणार देव जाणे. निम्म्या दिवसाचे २४ असतील तर १२ सकाळी आणि १२ संध्याकाळी दिवाबत्तीआधी चालतात का?

सांधेजोड

चालतात. निम्मे दिवस तोडून घातले तरी बेरीज तीच. फक्त मोठ्या दिवसाचे सलग हवेत, कारण त्या दिवशी तयारी दमाची आणि लयीची आहे. आवर्तनांमधे अर्धा-एक मिनिट उभं राहिलात तरी ते सलगच.

मासिक पाळीच्या दिवसांबद्दल विचारायला संकोच वाटतो म्हणून आपणहून लिहिते : बंदी नाही, सक्तीही नाही. ज्यांना पहिले दोन दिवस त्रास होतो त्यांनी हलका आठवडा तिथे सरकवावा. चार आठवड्यांनी एक हलका आठवडा आहेच, तो तारखेशी जुळवून घेणं सोपं आहे.

ताठ_कणा

थोडा विरोध नोंदवतो. विश्रांतीच्या दिवशी २ घालायचे म्हणजे विश्रांती नाहीच. मोडून पडेपर्यंत रोज काहीतरी करायचं, साखळी तुटू द्यायची नाही, हा मोबाइलच्या ॲपांनी लावलेला रोग आहे. शंभर दिवसांची साखळी एकशेएकाव्या दिवशी तुटली की लोक सगळंच सोडतात. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नमस्कार संस्थानातल्या शाळांत नेले तेव्हा कुणाच्या हातात ॲप होतं?

ओसरी

साखळीबद्दल सहमत, म्हणूनच बघायचा आकडा आठवड्याची बेरीज आहे, सलग दिवसांची संख्या नाही. १२० च्या आठवड्यात ११० झाले तर तो आठवडा झाला. ९० टक्क्यांच्या वर सगळं 'झालं' धरायचं.

दोनचा मुद्दा वेगळा. दोन नमस्कारांनी शरीरावर भार पडत नाही, पण जागा, वेळ आणि मॅट उलगडण्याची कृती टिकते. अडतं ते बहुतेक वेळा मॅट उलगडण्यापाशी. पण तापात, उलट्या-जुलाबात, छातीत कफ असताना २ सुद्धा नाहीत. नुसतं नाक गळतंय तर २ ते ६.

पंतप्रतिनिधींचं नाव निघालंच आहे तर : त्यांच्या पद्धतीत दहा स्थिती आहेत, अनेक योगवर्गांत बारा शिकवतात. कुणी म्हणतं भुजंगासनानंतर पर्वतासन, कुणी वेगळं. १६ आठवड्यांसाठी एक पद्धत धरा. मधेच बदललात तर एका नमस्काराचा वेळ बदलतो, आणि मागच्या आठवड्याशी तुलनाच करता येत नाही.

ताठ_कणा

९० टक्के चालेल. साखळी नको एवढंच म्हणणं होतं. दोनला आता विरोध नाही.

चिंचोका

नोंद कुठे ठेवायची यावर. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, जिथे दुधाचा खाडा लिहितो तिथेच. तारखेच्या चौकटीत फक्त आकडा. २४. १२. २. रविवारच्या आकड्याला गोल. आठवड्याची बेरीज उजव्या कडेला पेन्सिलीने. घरच्यांना दिसतं, आपल्याला दिसतं, चार्जिंग लागत नाही.

आकड्याशेजारी एकच अक्षर आणखी : म (मनगट), क (कंबर), ख (खांदा), दुखलं तरच. एकच अक्षर एका आठवड्यात तीनदा आलं तर पुढचा आठवडा हलका, आराखड्यात काहीही लिहिलेलं असो. हे केलं नाही तर 'थोडंसं दुखतंय' किती दिवस दुखतंय ते कळतच नाही.

मधली_सुट्टी

ओसरी, 'जर-तर' वाक्यांचं राहिलं. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी यावर बरंच काम केलंय. नुसतं 'मी रोज करीन' म्हणणाऱ्यांपेक्षा 'अमुक झालं तर तमुक करीन' असं ठरवलेले लोक ठरवलेलं जास्त वेळा करतात. कारण साधं आहे, ऐनवेळी विचार करावा लागत नाही.

पण पंधरा वाक्यं लिहू नका. तीन. आणि ज्या अडचणी आपल्याला खरंच येतात त्याच. नमुना :

जर रात्री बारानंतर झोप झाली, तर सकाळी फक्त २.
जर पाहुणे हॉलमधे झोपलेत, तर स्वयंपाकघराच्या ओट्याशी, दोन्ही हात ओट्यावर टेकून उभ्याने १२. (ते २ म्हणून नोंदवा.)
जर प्रवासात असू, तर मॅट नको, लॉजच्या खोलीत टॉवेल दुमडून हातांखाली, ६.

'जर कंटाळा आला तर मन घट्ट करीन' हे वाक्य बाद. त्यात करण्यासारखं काही नाही.

राइनकाठ

जर्मनीतून. इथल्या मराठी मंडळींसाठी दोन गोष्टी, कारण धाग्यातला आराखडा पुण्या-नाशिकच्या थंडीवर बेतलेला दिसतो.

डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य आठनंतर उगवतो. उगवत्या सूर्यासमोर घालायचा हट्ट धरला तर कामाच्या दिवशी जमणारच नाही. अंधारात, दिव्याखाली घाला, सूर्योदय रविवारपुरता ठेवा.

दुसरं, घरभर गालिचा असेल तर तळहात रुततो आणि पाय घसरतो, दोन्ही एकदम. फर्निचरच्या दुकानात मिळणारी पातळ प्लायची फळी, साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि १८० लांब, गालिच्यावर टाकून त्यावर मॅट. खालच्या मजल्यावर आवाज जातो म्हणून दंडासनात दोन्ही पाय उडी मारून मागे टाकू नका, एकेक न्या. हीटर लावलेल्या खोलीत हवा कोरडी असते, घसा सुकतो. आवर्तनामागे घोटभर कोमट पाणी.

पंच्याहत्तरीची_उमेद

गुडघे वाकत नाहीत, जमिनीवर बसून उठायला आधार लागतो. आमच्यासारख्यांनी १०८ चं नावच काढू नये का?

सांधेजोड

काका, नाव काढा, पण प्रकार बदला. भिंतीला टेकवलेलं मजबूत टेबल, उंची मांडीच्या वरपर्यंत येईल अशी. हात टेबलाच्या कडेला. एक पाय मागे, मग दुसरा, शरीर तिरकं सरळ. कोपरं वाकवून छाती टेबलाकडे, मग हात सरळ करून छाती वर, मग कंबर मागे ढकलून पाठ लांब, आणि पाय पुन्हा पुढे. गुडघ्याला जमीन लागतच नाही. प्लास्टिकची खुर्ची घेऊ नका, मागे सरकते.

आकडे आराखड्याच्या एक-तृतीयांश : पहिल्या रविवारी ४, शेवटी ३६. म्हणजे १२ ची तीन आवर्तनं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पुढे वाकून उठताना सावकाश, दोन श्वास थांबून. वेगाने उठल्यावर अंधारी येते.

खाडेबहाद्दर

वजन किती कमी होईल यातून? ५ किलोचं ध्येय याच कागदावर लिहू का?

ओसरी

याच कागदावर नको. नमस्कारांची संख्या तुमच्या हातात आहे, वजनकाट्यावरचा आकडा नाही. तो पाणी, मीठ, आदल्या रात्रीचं जेवण यावर एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतो. सोमवारी काटा वर गेला की मंगळवारी नमस्कार बंद, हे ठरलेलं. वजनासाठी ताटातलं मोजा, वेगळ्या कागदावर, आणि रथसप्तमीनंतर सुरू केलंत तरी चालेल.

नऊ_आवर्तनं

धागा वर काढतो. प्रत्यक्ष दिवसाबद्दल कुणी लिहिलं नाही.

आदल्या रात्री जेवण हलकं आणि आठच्या आत. सकाळी तासभर आधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर, पाणी एक पेला. पोहे-उपमा नंतर. साठाव्या नमस्काराला पर्वतासनात पोहे घशाशी येतात.

वेग. पहिलं आवर्तन मुद्दाम हळू, सहा मिनिटं. दुसऱ्यापासून पाच-साडेपाच. घड्याळ समोर ठेवा पण बघा फक्त चिंचोका टाकताना. सामुदायिक कार्यक्रमात माईकवर आकडे घेणारा उत्साहात पहिली तीन आवर्तनं चार-चार मिनिटांत पळवतो आणि निम्मा जमाव पाचव्याला बसतो. तुम्ही आयोजक असाल तर नऊ आवर्तनांना नऊ जण आकडे घ्यायला लावा आणि प्रत्येकाच्या हातात घड्याळ द्या.

अवघड जागा सहावं-सातवं आवर्तन. पहिल्याचा ताजेपणा गेलेला, शेवट दिसत नाही. तिथे दंडातून उतरताना गुडघे टेकायला सुरुवात करा, आधीच. हात थरथरू लागल्यावर टेकण्यात उशीर झालेला असतो. तोंडाने श्वास सुरू झाला तर उभं राहून पाच श्वास, मग पुढे. छातीत दुखणं, डोळ्यापुढे अंधारी, जबडा किंवा डाव्या हाताला कळ : तिथेच थांबा, आकडा कितीही असो, आणि थेट डॉक्टर.

झाल्यावर लगेच आडवं पडू नका. दोन-तीन मिनिटं संथ चाला, मग शवासन आठ-दहा मिनिटं. दंडाची मागची बाजू, छाती आणि मांडीची मागची बाजू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दुखतात, ते साहजिक आहे.

पण तयारीशिवाय १२ वरून एकदम १०८ घालणाऱ्यांना इशारा : दंड सुजून टणक होणं, हात सरळ न होणं आणि लघवी गडद तपकिरी, कोऱ्या चहासारखी येणं ही साधी अंगदुखी नाही. स्नायू तुटून त्याचे घटक मूत्रपिंडावर येतात. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

सांधेजोड

शेवटच्या परिच्छेदाला +१. रथसप्तमीच्या आसपास शाळा-महाविद्यालयांतून सामुदायिक कार्यक्रम होतात, तिथे सराव नसलेल्या मुलांना १०८ ची शर्यत लावू नका. १२ किंवा २४ पुरेत.

कढईतली_पळी

आणि १४ फेब्रुवारीला काय?

ओसरी

तेही आत्ताच लिहून ठेवा, कारण १४ ला कुणालाच काही ठरवायचं नसतं. १४ आणि १५ : काही नाही, नुसतं चालणं. १६ पासून रोज १२, आठवड्यातून एकदा ३६. आठवड्याची बेरीज १०८ येते, तोच आकडा आता सात दिवसांत. जोर-बैठका, धावणं किंवा गड चढायचे असतील तर नमस्कार १२ वरच ठेवून त्याला वेगळा कागद.

दुसरी_पाळी

कागद केला. पहिल्या आठवड्यात तिसरी पाळी आहे, रविवारचे १२ गुरुवारी टाकलेत. सतरंजी चालेल की मॅट लागेलच?

चिंचोका

पहिले चार आठवडे सतरंजी, पण फरशीवर सरकते. चार कोपऱ्यांखाली जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठेवा. मॅट घ्याल ती दिवाळीनंतर.